ब्रेक ऑइल कुठे जातं?

रोह्याहून सुकेळी खिंडीकडे निघण्याआधी जुन्या गाडीचं बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी पाहून घ्या. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी आपल्याकडे अशा गाड्या अजून धावतात. त्यांच्यासाठी तर हे हवंच.

डिस्क पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते. ती गळती नव्हे. पण ऑइल भरल्यावर आठवड्याभरात पुन्हा खाली आलं, तर ते कुठेतरी बाहेर पडतंय. आधी मागच्या चाकांच्या आतली बाजू बघा. ड्रममधल्या व्हील सिलिंडरचं रबर गेलं की टायरवर आतून ओघळ दिसतो. मग गंजलेले पाइप, तडकलेले होज. कुठेच ओल नाही? मग मास्टर सिलिंडर संशयित. त्याचं मागचं सील फाटलं की ऑइल बूस्टरमध्ये उतरतं, जमिनीवर थेंबही पडत नाही. फसवणारा दोष हाच.

कोकणातल्या पावसात आणखी एक घोळ होतो. नेहमीचं डॉट ३ ऑइल पाण्यात मिसळतं, त्यामुळे डाग धुऊन जातात. म्हणून गाडी रात्री छपराखाली, पुठ्ठ्यावर उभी करा. हेच ऑइल हवेतला दमटपणाही शोषतं. कोरडं असताना ते किमान २०५ अंशांना उकळतं. पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत घसरू शकते. त्यामुळे अर्धी उरलेली जुनी बाटली वापरू नका. इंजिन ऑइल तर चुकूनही ओतू नका, सगळी रबरं फुगतील.

आणि पेडल खोल जात असेल, तर गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका. मेकॅनिकला घरी बोलवा.