पाहुणा खेळाडू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कबड्डीवर बोला असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी म्हणालो, मी कविता लिहिणारा माणूस. माझी कबड्डी शाळेच्या मैदानाबाहेर कधी गेली नाही. खेळायचे ते माझे थोरले भाऊ, आमचे भाईजान. मग वाटलं, त्यांच्याविषयी दोन शब्द बोलायची याहून चांगली संधी कुठली?

भाईजान डाव्या कोपऱ्यावर खेळत. कबड्डीत एका बाजूला सात जण असतात. चढाई करणारा एकटा येतो, त्याच्या हातात तीस सेकंद असतात आणि सगळ्यांची नजर त्याच्यावर असते. तो ‘कबड्डी कबड्डी’ म्हणतो, मांडीवर थाप मारतो, लोक ओरडतात. कोपऱ्यावरच्याला मात्र यातलं काही करता येत नाही. त्यानं गप्प उभं राहायचं, वाट पाहायची, आणि चढाई करणाऱ्याचा पाय नेमका आत आला की घोटा धरायचा. अर्धा क्षण लवकर झेप घेतली तर गडी निसटतो, अर्धा क्षण उशीर झाला तर आपणच बाद. मला शिकवताना भाईजान म्हणायचे, “नजर नक्को देख, पाँव देख. नजर झूट बोलती.” आमच्या घरच्या दखनीतलं हे वाक्य मला पुढे मैदानाबाहेरच जास्त उपयोगी पडलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट सांगतो. निलंग्याच्या आसपास जत्रा आणि उरूस आले की कबड्डीचे सामने ठरलेले. जमीन नांगरून, पाणी मारून, वर फक्कीनं रेघा आखायच्या. ज्या गावाचा संघ कमी पडेल ते गाव बाहेरचा गडी बोलावून घ्यायचं. त्याला म्हणायचे पाहुणा खेळाडू. भाईजान असे कायमचे पाहुणे. आज औशाकडून, उद्या उदगीरकडून, कधी सीमेपलीकडे भालकीकडून. मोबदला म्हणजे एसटीचं तिकीट, एक वेळचं जेवण आणि अंगावरची बनियन. आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत सात-आठ रंगांच्या बनियन होत्या. अम्मी कपडे वाळत घालायची तेव्हा शेजारी विचारायचे, “आज कोणत्या गावचे?”

एका जत्रेत व्हायचं तेच झालं. भाईजान दुसऱ्या गावाकडून आणि समोर निलंग्याचाच संघ. शेवटची चढाई, गुण बरोबरीत. चढाईला आला तो आमच्याच गल्लीतला, लहानपणापासून भाईजानबरोबर खेळलेला. भाईजाननी त्याचा घोटा धरला आणि सोडला नाही. सामना गेला. त्यानंतर कित्येक दिवस चहाच्या टपरीवर त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. एकानं तोंडावर विचारलं, “तू नेमका कुणाचा रे?”

त्या वेळी मी शाळेत होतो. माझं डोकं फिरलं. भाईजान मात्र एवढंच म्हणाले, “ज्यांची भाकर खाऊन मैदानात उतरलो त्यांच्यासाठी हात ढिला सोडला असता, तर मी कुणाचाच राहिलो नसतो.”

हा प्रश्न पुढे माझ्याही वाट्याला आला. मराठीत कविता लिहायला लागलो तेव्हा संमेलनांत माणसं आपुलकीनंच विचारायची, “घरी कोणती भाषा बोलता?” त्यात वाईट काही नसायचं. पण मला दर वेळी ती टपरी आठवायची.

भाईजानना एका ठिकाणी खेळाच्या जोरावर नोकरी देऊ असं तोंडी सांगितलं होतं. दोन वर्षं ते त्यांच्यासाठी खेळले. मग गुडघा गेला. गुडघ्याबरोबर नोकरीही गेली, किंवा ती कधी नव्हतीच. पुढची वीस-बावीस वर्षं त्यांनी आडत बाजारात हिशेब लिहिला. घरात कबड्डी हा शब्द उच्चारायचा नाही, असा अलिखित नियम झाला.

तो नियम २०१४ साली मोडला. त्या वर्षी २६ जुलैला प्रो कबड्डी सुरू झाली आणि ज्या खेळाला आम्ही मातीचा समजत होतो तो गादीवर, दिव्यांच्या झगमगाटात आला. पुतण्यानं टीव्ही लावला आणि भाईजान खुर्ची ओढून बसले. सगळे जण चढाईपटूंची नावं घेत होते. भाईजाननी बोट ठेवलं ते यू मुंबाच्या बचावफळीतल्या विशाल माने या मराठी खेळाडूवर. म्हणाले, “हा बघ. घाई करत नाही.”

त्या पहिल्या वर्षी ३१ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात जयपूरनं मुंबईला ३५-२४ असं हरवलं. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, मुंबईनं बंगळुरूला ३६-३० नं हरवून विजेतेपद घेतलं. ५ मार्च २०१६ ला मुंबई पुन्हा अंतिम सामन्यात पोचली आणि पाटणा पायरेट्सकडून ३१-२८ अशी हरली. अवघ्या तीन गुणांनी. त्यानंतर खेळाडूंचे लिलाव झाले, संघ विस्कटले. आणि २०१७ च्या हंगामात विशाल माने दिसला तो पाटण्याच्या जर्सीत! ज्यांनी हरवलं त्यांच्याच संघात. त्या वर्षी २८ ऑक्टोबरला चेन्नईत पाटण्यानं गुजरातला ५५-३८ असं हरवलं. पुढे तो दिल्लीकडून खेळला. २०१९ मध्ये दिल्ली अंतिम सामन्यात पोचली आणि बंगालकडून ३९-३४ नं हरली. तीन वेगवेगळ्या शहरांच्या जर्सी घालून अंतिम सामना गाठणाऱ्या संघांत हा माणूस होता.

तसाच आपला गिरीश एर्नाक. डावा कोपरा, भाईजानची जागा. बंगाल, पुणे, गुजरात, मुंबई अशी त्याची भटकंती. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तो भारताच्या संघात होता. उपांत्य फेरीत इराणनं आपल्याला २७-१८ असं हरवलं आणि आशियाई सुवर्ण पहिल्यांदाच हातचं गेलं. कांस्यपदकावर समाधान मानावं लागलं. भाईजान त्या रात्री जेवले नाहीत.

अमेरिकेत त्यांच्या पद्धतीचा एक फुटबॉल खेळतात. त्यातही दर एक-दोन वर्षांनी संघ बदलणारे बचावपटू असतात. त्यांना इंग्रजीत ‘जर्नीमन’ म्हणतात. मला वाटायचं, जर्नी म्हणजे प्रवास, म्हणून हे नाव. शब्दकोश पाहिला तर मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ निघाला दिवस. जर्नीमन म्हणजे रोजंदारीवर काम करणारा कारागीर. हे मी भाईजानना सांगितलं तेव्हा ते हसले. “म्हणजे आपल्या आडत बाजारातलेच की सगळे,” म्हणाले.

२०१७ च्या त्या अंतिम सामन्याच्या रात्री पुतण्या चिडला होता. “काका, मुंबईचा माणूस पाटण्यासाठी खेळतो, हे बरोबर आहे का?” मी काही बोलणार तेवढ्यात भाईजान उठले. गुडघ्यावर हात ठेवत आतल्या खोलीत गेले आणि ती पत्र्याची पेटी घेऊन आले. इतक्या वर्षांत ती कुणी उघडली नव्हती. रंग विटले होते, काही बनियन कसरीनं खाल्ल्या होत्या. त्यांनी एकेक बाहेर काढून पोराच्या मांडीवर ठेवली. हे औसा. हे उदगीर. हे भालकी.

पोरानं विचारलं, “आणि निलंग्याची कुठंय?”

भाईजान म्हणाले, “घरच्या संघाकडून खेळलो तेव्हा बनियन घरचीच असायची. ती घालून घालून फाटली.”