चार्जर नवा, वायर जुनी : गाडीत दुसरी बॅटरी चार्ज करताना

(या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना घेतलेले श्वास आणि मागे भुंकणारा कुत्रा काढून टाकलाय, बाकी जसंच्या तसं.)



मागच्या व्हॅनवाल्या एपिसोडनंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच गोष्टीवर आले : "दादा, तुमच्या गाडीत फ्रीज आणि पंखा रात्रभर चालतो, मग सकाळी गाडी स्टार्ट कशी होते?" उत्तर सोपं आहे. आमच्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत. एक पुढे, इंजिनची, कंपनीने दिलेली. दुसरी मागे सीटखाली, १०० ॲम्पियर-अवरची लिथियम. फ्रीज, पंखा, दिवे, फोन सगळं मागच्या बॅटरीवर. आणि गाडी चालू असताना पुढून मागे वीज नेणारा जो डबा आहे ना, तो म्हणजे बॅटरी-टू-बॅटरी चार्जर. दुकानात याला डीसी-टू-डीसी चार्जर म्हणतात.

आज तो कसा बसवायचा ते सांगणार आहे. आणि आम्ही तो चुकीचा बसवला तेव्हा काय झालं, तेही.

आधी मूळ प्रश्न. चार्जर लागतोच कशाला? दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या, मग सरळ एक वायर टाकून जोडल्या तर? सुरुवातीला आम्ही तसंच केलं होतं. मधे एक रिले होता. इंजिन चालू झालं की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडायचा, बंद झालं की तोडायचा. आमच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी हे अर्ध्या तासात करून दिलं. पुढच्या बॅटरीपासून मागच्या बॅटरीपर्यंत पाच मीटर जायला आणि पाच मीटर यायला, २.५ स्क्वेअर एमएमची वायर. म्हणजे घरात गिझरच्या पॉइंटला असते तेवढी. पायाखालच्या मॅटखालून नेलेली. आठ महिने ते चाललं.

फक्त बॅटरी कधी पूर्ण भरायची नाही. माझ्या मावसभावाने, म्हणजे आमच्या दादाने, क्लॅम्प मीटर लावून पाहिलं तर जेमतेम १२ ॲम्पियर जात होते. चार तास गाडी चालवली तरी अर्धीच भरणार. दादा म्हणाला, "अरे, सरळ चार्जर घेऊ. तीस ॲम्पियरचा." घेतला. रिले काढला आणि त्याच दोन वायरींच्या टोकाला चार्जर जोडला. अर्ध्या तासाचं काम!

आता जुलैतली एक संध्याकाळ. पुण्याहून रत्नागिरीला चाललोय, आंबा घाट उतरतोय, बाहेर मरणाचा पाऊस, काचा बंद. मागे बाबा झोपलेले. ते उठून म्हणाले, "अरे, काहीतरी जळतंय रे." आम्ही म्हटलं, बाबा, ब्रेकचा वास असेल, उतार आहे. दोन मिनिटांनी ते म्हणाले, "ब्रेकचा नाही. प्लास्टिकचा आहे. थांबव."

थांबवली. मॅट उचललं तर खालून धूर. दोन्ही वायरींचं प्लास्टिक वितळून एकमेकींना चिकटलेलं, आणि मॅटला बोटभर भोक. बॅटरीचं टर्मिनल काढायला दहा नंबरचा पाना हवा होता, तो टूलबॅगच्या तळाशी, आणि टूलबॅग सगळ्या सामानाखाली. पावसात, अंधारात, बाबा छत्री धरून उभे आणि आम्ही दोघं सामान उपसतोय. आग लागली नाही. अजून दहा मिनिटं थांबलो नसतो तर काय, ते मला माहीत नाही. बाबा त्याच सीटवर झोपले होते, एवढं माहीत आहे.

तर मग, जी वायर आठ महिने गुपचूप चालली ती नव्या चार्जरवर जळली का? इथे जरा लक्ष द्या, कारण सगळी गोष्ट इथेच आहे.

रिले म्हणजे नुसतं दार. दार उघडलं की पाणी आपल्या जोराने वाहतं. वायर बारीक असेल तर तिच्यातच व्होल्टेज पडतं आणि करंट आपोआप कमी होतो. म्हणजे बारीक वायर स्वतःच स्वतःला वाचवत होती. म्हणून ते १२ ॲम्पियर.

चार्जर तसा नाही. चार्जर हट्टी आहे. त्याला मागे १४ व्होल्टला ३० ॲम्पियर द्यायचेत, म्हणजे ४२० वॉट. त्यात स्वतःची थोडी गळती धरून तो पुढून सुमारे ४८० वॉट ओढणार. ते त्याला हवेतच. समोर १४ व्होल्ट मिळाले तर तो ३४ ॲम्पियर ओढतो. १२ मिळाले तर ४०. व्होल्टेज जितकं पडेल तितका करंट वाढवतो, आणि करंट वाढला की वायरमध्ये व्होल्टेज अजून पडतं.

आमच्या दहा मीटर वायरीचा रेझिस्टन्स साधारण ०.०७ ओहम. गणित मांडलं तर चार्जर सुमारे ४५ ॲम्पियरवर जाऊन स्थिरावतो. वायरीत ३ व्होल्टहून जास्त गायब, आणि १४० वॉट नुसती उष्णता. तुमच्याकडे २५ वॉटची सोल्डरिंग गन असेल तर तशा पाच-सहा गन चालू करून पायाखालच्या मॅटखाली ठेवल्यात असं समजा.

"फ्यूज नव्हता का?" असं विचाराल. होता! चार्जरच्या कागदावर ६० ॲम्पियर लिहिलं होतं, मी ६० चाच लावला. वायरीतून जात होते ४५. फ्यूजच्या दृष्टीने सगळं ठीक. कागदावरचा तो आकडा पुरेशा जाड वायरीसाठी असतो, हे मी वाचलंच नव्हतं. फ्यूज चार्जरला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. वायर जितका करंट आरामात सोसेल, फ्यूज त्याच्या आत उडायला हवा.

आणि आता माझी खरी लाजिरवाणी चूक. चार्जरने मला सांगितलं होतं. घाटाच्या आधी शहरात तीन-चार फेऱ्या झाल्या तेव्हा ॲपमध्ये तो सारखा चालू-बंद, चालू-बंद होत होता. कारण त्याला त्याच्या टोकाला ११ व्होल्टसुद्धा मिळत नव्हते. त्याला वाटायचं इंजिन बंद आहे, पुढची बॅटरी संपत चाललीय, थांबू या. मी काय केलं? सेटिंगमध्ये जाऊन ती ११ ची मर्यादा १० वर आणली. चालू-बंद थांबलं. मी खूश. दादाला स्क्रीनशॉटसुद्धा पाठवला, "झालं बघ!"

बरं. आता नीट कसं करायचं.

गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा, पान्याने पॉझिटिव्ह आणि बॉडी एकदम टेकली तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं. चार्जर मागच्या बॅटरीजवळ बसवा, म्हणजे त्याला तिचं व्होल्टेज बरोबर कळतं. लांब वायर पुढच्या बाजूला राहू दे. इंजिनच्या खोलीत नको, आणि उशा-पांघरुणाखालीही नको, हा डबा चांगला तापतो. आजूबाजूला हवा खेळायला हवी.

वायर. तीस ॲम्पियरच्या चार्जरला पाच मीटर अंतर असेल तर १६ स्क्वेअर एमएम, तांब्याची, बारीक तारांची. आमचं तेच गणित १६ च्या वायरवर केलं तर पडतं व्होल्टेज ०.४ च्या आसपास आणि उष्णता १३ वॉट, तीही दहा मीटरवर पसरलेली. हात लावला तर कोमट. आम्ही बुधवार पेठेतून घेतली, आणि हो, महाग वाटली. तिथे एक गोष्ट जपा : स्वस्तात मिळणारी वायर कधी कधी आतून ॲल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा मुलामा असलेली असते. एक तार कापून टोक ब्लेडने खरवडा. वरून तांबूस आणि आत पांढरं दिसलं तर परत द्या. उलट, वरून पांढरं आणि आत तांबूस असेल तर ती कल्हई केलेली तांब्याची वायर, ती उत्तम.

टोकाला लग चांगल्या क्रिंपिंग टूलने दाबून घ्या. पकडीने चेपटून किंवा हातोड्याने ठोकून नाही. स्वतःचं टूल नसेल तर केबलच्या दुकानात दहा मिनिटांत दाबून देतात. दाबल्यावर जोरात ओढून बघा.

फ्यूज दोन. एक पुढच्या बॅटरीजवळ, एक मागच्या बॅटरीजवळ, दोन्ही बॅटरीपासून वीतभर अंतरात. मधेच कुठे वायर घासून बॉडीला टेकली तर वीज दोन्हीकडून येणार, हे लक्षात ठेवा. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि सगळीकडे फ्लेक्झिबल पाइप. मॅटखालून नको, हे आता मी सांगायला नको.

आयसोलेटेड घ्यायचा की नॉन-आयसोलेटेड? दोन्ही बॅटऱ्यांची निगेटिव्ह गाडीच्या बॉडीलाच असेल तर नॉन-आयसोलेटेड पुरतो. पुढे.

सेटिंग. ॲपमध्ये बॅटरीचा प्रकार लिथियम आयर्न फॉस्फेट निवडा. चार्जिंग १४.२ व्होल्टच्या आसपास, फ्लोट १३.५. तुमच्या बॅटरीच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर कागदाचं ऐका. लडाख-स्पितीला जाणार असाल तर अजून एक : शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते, आतून कायमची खराब होते. बॅटरीतल्या बीएमएसमध्ये थंडीचा कटऑफ आहे का, हे घेतानाच विचारा.

मग इंजिन चालू आहे हे चार्जरला कळणार कसं? जुन्या गाडीत व्होल्टेजवरून कळतं. आमची गाडी जुनीच आहे. पण काही नव्या बीएस सिक्स गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर असतो, इंधन वाचवायला तो चालत्या गाडीतही व्होल्टेज साडेबारापर्यंत खाली आणतो. तिथे इग्निशनची एक बारीक सिग्नल वायर चार्जरला द्यावी लागते. नवी गाडी असेल तर वॉरंटी आणि इन्शुरन्सचं आधी विचारा, आणि आरसीवर लिहिलेलं बदलेल असं काही करत असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आरटीओत आधी जा.

अल्टरनेटरवरचा आकडाही बघून ठेवा. आमच्यावर ९० ॲम्पियर लिहिलंय, पण ट्रॅफिकमध्ये नुसतं इंजिन चालू असताना तो तेवढा देत नाही आणि पंखा हळू फिरत असल्याने तापतो मात्र जास्त. लिथियम बॅटरी सरळ जोडली तर मिळेल तेवढं ओढते. व्हिक्ट्रॉन कंपनीने टेस्ट बेंचवर हेच करून दाखवलेला एक व्हिडिओ यूट्यूबवर आहे, त्यात कमी वेगावर अल्टरनेटरमधून धूर निघताना दिसतो. जरूर बघा. चार्जर ३० वर अडवतो, हा त्याचा मोठा उपयोग.

आता सगळ्यात महत्त्वाची टेस्ट, फोनवर ऐकणाऱ्यांनी ही नोट करून ठेवा. मागची बॅटरी अर्धी रिकामी असताना इंजिन चालू करा, चार्जर पूर्ण ३० वर जाऊ द्या. ॲपमध्ये इनपुट व्होल्टेज दिसतं, ते बघा. त्याच वेळी पुढच्या बॅटरीवर साधं मल्टिमीटर लावा. दोघांमधला फरक म्हणजे वायरीत आणि जोडांत जळणारं व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. एक व्होल्ट निघाला तर इंजिन बंद करा आणि वायर, लग, फ्यूज होल्डर, सगळं तपासा. वीस मिनिटांनी प्रत्येक जोडाला उलट्या हाताने स्पर्श करून बघा. एखादाच जोड इतरांपेक्षा गरम असेल तर तो सैल आहे. आमच्याकडे नव्या वायरीवरसुद्धा एक फ्यूज होल्डर असा निघाला, नट अर्धा फेरा सैल होता.

मालवणहून एका मित्राचा व्हॉइस नोट आलाय. त्याची छोटी बोट आहे, आउटबोर्ड इंजिनची, फिश फाइंडर आणि दिव्यांसाठी दुसरी बॅटरी लावायचीय, हाच चार्जर चालेल का? मित्रा, आधी तुझ्या इंजिनचं चार्जिंग किती ते बघ. बऱ्याच छोट्या आउटबोर्डना ते अगदी थोडं असतं, तीस ॲम्पियरचा चार्जर लावलास तर तो इंजिनचीच बॅटरी खाईल आणि समुद्रात स्टार्टर फिरणार नाही. लहान चार्जर घे, किंवा ज्याचा करंट ॲपमधून कमी करता येतो असा. आणि कल्हईची वायरच वापर. साधं तांबं खाऱ्या हवेत आतून हिरवं पडतं, वरून कळत नाही.

आता आमची गाडी पुण्याहून कोल्हापूरला पोचेपर्यंत मागची बॅटरी जवळजवळ भरते. इनपुटमधला फरक ०.४ येतो. दहा नंबरचा पाना ड्रायव्हरच्या दाराच्या खिशात असतो, आणि बाबा अजूनही मागे बसायच्या आधी मॅट उचलून बघतात.

तुमच्या गाडीचे दोन आकडे, ॲपमधला आणि मल्टिमीटरचा, व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या वेळी सोलर पॅनल त्याच बॅटरीला कसं जोडायचं ते बघू.