झाडावरचा कॅमेरा आणि सर्वांचे रान



वाघांच्या गणतीसाठी आपल्या जंगलात झाडांना कॅमेरे बांधतात, हे आपण वाचले असेल. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत तसाच कॅमेरा शिकारी बांधतात, तो एल्कसाठी. एल्क म्हणजे आपल्या सांबराहूनही थोराड हरिण. मोठा नर ३०० किलोच्या पुढे भरतो. मी बंदूक कधी हाती धरलेली नाही. पण सर्वांच्या जागेवर हक्क कोणाचा, हा तंटा कामगार चळवळीच्या ओळखीचा आहे, म्हणून हा विषय घेतला.

यंत्र साधे आहे. जनावराच्या अंगाची ऊब समोरून सरकली की ते जागे होते आणि फोटो काढते. खरी पंचाईत पुढे. शिकारी ते महिना-दोन महिने रानात सोडून येतो, आणि परत जाऊन पाहतो तो झाडाला नुसता पट्टा! मग पोलादी पेटी आली, तारेचा दोर आला, कुलूप आले. जाणते म्हणतात, कुलपापेक्षा नजर चुकवणे बरे. पायवाटेपासून आत, ८-१० फूट उंच, तोंड खाली करून बांधावा. आणि ज्या शिडीने चढलात ती आठवणीने परत न्यावी, नाहीतर चोराचीच सोय! रात्रीचा अवरक्त दिवा ८५० नॅनोमीटरचा असला तर लाल ठिणगी दिसते. ९४० चा असला तर माणसाला काही दिसत नाही, मात्र फोटोचा पल्ला कमी पडतो. यंत्राचा अनुक्रमांक घरी लिहून ठेवावा. चोरीचा माल सापडला तर आपला म्हणून सांगायला तोच पुरावा.

चोराने एकाचा कॅमेरा नेला, ते वाईटच. पण ॲरिझोनासारख्या कोरड्या मुलखात पाणवठे मोजके. तिथे एकेका पाणवठ्याभोवती अनेकांचे कॅमेरे लागले, ते तपासायला माणसांची ये-जा वाढली, जनावर बुजू लागले, शिकाऱ्यांत भांडणे झाली. जो कॅमेऱ्यांनी पाणवठा अडवतो तो सर्वांचे पाणी आपल्या नावावर करू पाहतो, असे मला वाटते. आणि त्याच्यावर कुलूप चालत नाही. तिथल्या वन्यजीव आयोगाने २०२१ साली ठराव केला आणि १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी हे कॅमेरे बंद झाले. नेवाडाने त्याआधीच, २०१८ साली, सार्वजनिक जमिनीवर हंगामापुरती बंदी घातली होती.

इतरत्र पुष्कळ ठिकाणी ते चालतात. आपल्यापैकी कोणाची मुले तिकडे असतील आणि त्यांना शिकारीचा नाद लागला असेल, तर कळवा: आधी त्या राज्याचे त्या वर्षीचे नियम वाचा, कुलूप मग घ्या.