घरातील इमर्जन्सी दिवा आणि विश्वसनीय विजेचे मोल

(भाषणाची संहिता)



चेन्नई महानगराच्या पश्चिम भागातील अंबत्तूर येथील औद्योगिक वसाहत ही देशातील लघुउद्योगांच्या मोठ्या वसाहतींपैकी एक. तत्कालीन मद्रास राज्यात १९६० च्या दशकात ती उभी राहिली. सुटे भाग घडविणारे छोटे कारखाने आणि तेथील कामगारांची घरे या परिसरात शेजारी शेजारी आहेत. २०११ मध्ये अंबत्तूर चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाले. या घरांतील एक साधी वस्तू अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने निरखून पाहावी अशी आहे. ती म्हणजे बॅटरीवर चालणारा इमर्जन्सी दिवा. सार्वजनिक सेवा जेथे अपुरी पडते, तेथे कुटुंब स्वतःच्या खिशातून किती रक्कम मोजते, याचा तो पुरावा होय.

२०१२ मध्ये तामिळनाडूत विजेची टंचाई तीव्र झाली होती. चेन्नईत दिवसाला दोन तास, तर अन्य जिल्ह्यांत त्याहून कितीतरी अधिक काळ भारनियमन होत असे. दक्षिणेचे ग्रीड तेव्हा उर्वरित देशाच्या ग्रीडशी समकालिक जोडलेले नव्हते, त्यामुळे बाहेरून वीज आणण्यावर मर्यादा होत्या. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि ‘एक देश, एक ग्रीड’ ही कल्पना प्रत्यक्षात आली. मधल्या काळात ज्यांना परवडले त्यांनी इन्व्हर्टर बसविले.

येथे एक गणित करून पाहावे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १८०० वॉट-तास ऊर्जा साठते. बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून निम्मीच वापरायची आणि इन्व्हर्टरमधील घट वजा करायची, असे धरले तर हाती सुमारे ७२० वॉट-तास उरतात. ६० वॉटचे तीन जुने बल्ब आणि ७५ वॉटचा एक पंखा यांवर ही ऊर्जा तीन तासांच्या आतच संपते. बल्बांच्या जागी ९ वॉटचे एलईडी दिवे आले की तीच बॅटरी सात तास पुरते. पंखाही ३० वॉटचा नव्या पद्धतीचा घेतला, तर बारा तासांहून अधिक. म्हणजे मोठी बॅटरी विकत घेण्यापूर्वी घरातील भार कमी करणे हा स्वस्त उपाय ठरतो. केंद्र शासनाच्या ‘उजाला’ योजनेच्या एकत्रित खरेदीत एलईडी दिव्याचा दर २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. योजनेचा हेतू ऊर्जाबचतीचा होता. इन्व्हर्टर अधिक काळ चालू लागले, हा तिचा फारसा न मोजला गेलेला लाभ.

मात्र बॅटरी वीज निर्माण करीत नाही, साठविते. साठविताना आणि परत घेताना सुमारे पाव हिस्सा ऊर्जा वाया जाते. भारनियमन संपताच हजारो इन्व्हर्टर एकाच वेळी चार्ज होऊ लागतात, तेव्हा ग्रीडवरील मागणी वाढते आणि ज्याच्याकडे इन्व्हर्टर नाही त्याच्या वाट्याची टंचाई अधिक गडद होते. एका कुटुंबाला शहाणपणाचा वाटणारा निर्णय सर्वांनी घेतला की समूहाला महाग पडतो, हे पाठ्यपुस्तकातील तत्त्व येथे घराघरांत दिसते. पुण्याने २००६ मध्ये याच प्रश्नाला सामूहिक उत्तर शोधले होते. तेथील उद्योगांनी आपली स्वतःची जनित्रे चालवून ग्रीडवरील भार हलका केला आणि त्याचा वाढीव खर्च नियामक आयोगाच्या मान्यतेने ग्राहकांकडून अधिभाराच्या रूपाने वसूल झाला. कमी वापराच्या घरगुती ग्राहकांना त्यातून वगळले होते. तो तोडगा कायमचा नव्हता. पण खर्च कोणी सोसावा, याचा निर्णय तेथे उघडपणे झाला.

अंबत्तूरच्या घरांपुढील आजचा प्रश्न निराळा आहे. १२ डिसेंबर २०१६ च्या ‘वरदा’ चक्रीवादळात चेन्नईत झाडे आणि विजेचे खांब कोसळले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ वादळाच्या पावसाने अंबत्तूरची औद्योगिक वसाहत पाण्याखाली गेली. पाणी साचले की विजेचा धक्का बसू नये म्हणून पुरवठा बंद ठेवावा लागतो आणि तो तासांचा नव्हे, दिवसांचा हिशेब असतो. अशा वेळी तळमजल्यावर जमिनीलगत ठेवलेला इन्व्हर्टर प्रथम बुडतो. न बुडाला तरी दुसऱ्या दिवशी रिता होतो आणि त्याला चार्ज करण्यास वीजच नसते. शिशाची बॅटरी उंच, हवेशीर जागी ठेवावी, कारण चार्ज होताना तिच्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू बाहेर पडतो. तिच्या जोडीला लिथियम बॅटरीचा हातात धरण्याजोगा छोटा दिवा आणि शक्य असल्यास लहान सौर पॅनेल असावे. ३.७ व्होल्ट, २२०० मिलिअँपिअर-तासांच्या अशा बॅटरीत जेमतेम ८ वॉट-तास ऊर्जा असते. दोन वॉटच्या प्रकाशाला ती चार तास पुरते. खोक्यावर ‘९ वॉट, चार तास’ असे छापलेले असले, तरी वीज गेल्यावर त्या दिव्याचा प्रकाश मंदच असतो, हे ग्राहकाने वजाबाकी करून ओळखावे. दिवा महिनोन्‌महिने न वापरता कपाटात पडून राहिला तर ऐन वेळी पेटत नाही. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की निकामीच होते.

तामिळनाडूत २०१६ मध्ये घरगुती ग्राहकांना दर दोन महिन्यांची पहिली १०० युनिटे मोफत देण्यात आली. एका खोलीत भाड्याने राहणाऱ्या कामगार कुटुंबाचे वीज देयक त्यामुळे हलके झाले. परंतु वीज नसतानाच्या प्रकाशाची पूर्ण किंमत त्याच कुटुंबाला बाजारात मोजावी लागते. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५७ अन्वये सेवेची मानके पाळली न गेल्यास ग्राहकाला भरपाई मिळू शकते आणि वीज (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० यांनी चोवीस तास पुरवठ्याचे तत्त्व मांडले. पण चक्रीवादळ आणि पूर या आपत्ती सर्वसाधारणपणे अशा भरपाईतून वगळलेल्या असतात. अंबत्तूरच्या तळमजल्यावरील घरात दिव्याची खरी गरज भासते ती नेमकी त्याच दिवसांत.