आदल्या संध्याकाळची भेट

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात ईथरची भूल देऊन एका रुग्णाच्या मानेवरील गाठीवर सर्वांसमक्ष शस्त्रक्रिया झाली. शस्त्राच्या वेदनेवर उपाय सापडला; शस्त्राच्या भीतीवर मात्र तो सापडावयाचा होता. आदल्या संध्याकाळी दिवे लागले, की रुग्णाच्या मनात शंका उभ्या राहतात. मध्येच जाग आली तर? भूल उतरलीच नाही तर? या शंका विचाराव्या कोणाला, हेही त्याला उमगत नाही.

त्याच हॉस्पिटलातील भूलतज्ज्ञ लॉरेन्स एग्बर्ट व त्यांचे सहकारी यांनी १९६३ साली दाखवून दिले, की झोपेच्या औषधाने रुग्णास गुंगी येते, पण त्याची धास्ती जात नाही. भूलतज्ज्ञाने आदल्या दिवशी येऊन सारे समजावून सांगितले, तर मात्र रुग्ण शांत होतो. पुढच्याच वर्षी त्यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ४६ जणांना दुखेल कोठे, किती आणि किती दिवस, हे आधीच सांगितले होते. टाक्याखालचे स्नायू आखडतात म्हणून दुखते. तेव्हा दीर्घ श्वास घेऊन अंग सैल सोडावे, कूस बदलताना पोटाऐवजी हातापायांचा जोर लावावा, हेही शिकविले होते. या रुग्णांना मॉर्फिन सुमारे निम्मेच लागले आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. त्यांना घरी सोडणाऱ्या शल्यविशारदांना कोणाला काय सांगितले आहे, याची कल्पनाही नव्हती.

दुखणारच नाही, असे या रुग्णांना कोणी म्हटले नव्हते, हे विशेष. आपल्या घरांतून नेमके तेच म्हटले जाते. डॉक्टरांना दाराबाहेर गाठून नातेवाईक सर्व विचारून घेतात आणि आत येऊन 'काही नाही, किरकोळ आहे' असे हसून सांगतात. हेतू मायेचा असतो, परंतु शुद्धीवर येताच दुखू लागले, की रुग्णास वाटते, काहीतरी बिघडले! संमतिपत्रावर त्याची सही असते खरी. ती कायद्यास पुरते.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांत आणखी एक अडचण येते. वृद्ध आईला डॉक्टरांची भाषा कळत नाही, आणि दुभाषी मुलगा औषधांच्या दुकानात रांगेत उभा असतो. औषधे दुसऱ्या कोणास आणावयास सांगता येतात. डॉक्टर येतील त्या घटकेला त्याने आईच्या खाटेपाशी असावे, आणि तिचे प्रश्न तिच्याच शब्दांत त्यांच्यापुढे मांडावे.