पोरगी शेवटच्या पानापर्यंत जगली पाहिजे

(अमरावती आणि अकोला इथल्या तरुण-तरुणींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून मागच्या रांगेतले पोट्टे हसले. हसा. 'चिक लिट' हा शब्द मुळात हसण्यासाठीच जन्मला. चिक म्हणजे इंग्रजीत कोंबडीचं पिल्लू, आन् नाक्यावरच्या इंग्रजीत तरुण पोरगी. लिट म्हणजे साहित्य. आपल्या वऱ्हाडीत सांगायचं तं पोट्टीछाप पुस्तक. मी मुंबईच्या गोदीत माल उचलतो, मॅट्रिक झालो, कविता लिहितो. या विषयावर खरं म्हणजे एखादा प्राध्यापक बोलायला पाहिजे होता. पण प्राध्यापक या पुस्तकांना चिमट्यानं उचलतात आणि आपले कार्यकर्ते बाटण्याच्या भीतीनं लांब राहतात. म्हणून मी उभा आहे.

आधी हे पीक कुठं उगवलं ते बघू. १९९५ साली अमेरिकेत क्रिस मॅझा आणि जेफ्री डीशेल यांनी बायकांच्या नव्या कथांचा एक संग्रह काढला. त्याला त्यांनी मुद्दाम, चिडवणाऱ्याला चिडवायला, 'चिक लिट' हे नाव दिलं. त्याच साली लंडनच्या 'इंडिपेंडंट' पेपरात हेलन फील्डिंग ही बाई ब्रिजेट जोन्स नावाच्या पोरीची डायरी लिहू लागली. १९९६ साली तिचं पुस्तक झालं आणि दणकून खपलं. ब्रिजेट तिशीतली, बिनलग्नाची, नोकरी करणारी. रोज वजन किती, सिगारेटी किती, दारू किती, याचा हिशोब लिहिते. बॉसवर जीव टाकते, फसते, पुन्हा उठते. २००० साली सोफी किन्सेलाची रेबेका आली. दुसऱ्यांना पैशाचे सल्ले लिहून देणारी आणि स्वतः खरेदी करकरून क्रेडिट कार्डाच्या देण्यात बुडालेली. मग दुकानातली फळीच्या फळी गुलाबी झाली.

हे सगळं कशावर वाढलं? पोरीच्या पगारावर. बाप किंवा नवऱ्याला न विचारता पुस्तक विकत घेईल एवढा पैसा बाईच्या पर्समध्ये आला, आणि प्रकाशकाला त्या पर्सचा वास लागला. भांडवलवाल्याला बाईचं दुःख कळत नाही, पण बाईची पर्स लगेच कळते. आपल्या देशातही तेच झालं. १९९१ नंतर शहरात जाहिरात कंपन्या, कॉल सेंटर, मॉल उभे राहिले, आणि इंग्रजीत २००४ साली स्वाती कौशलची 'पीस ऑफ केक' आली, २००८ साली अनुजा चौहानची 'द झोया फॅक्टर' आली. झोया जाहिरात कंपनीत काम करते.

आता एक गोष्ट ऐका, जी गुलाबी फळीवाले सांगत नाहीत. ब्रिजेटच्या चार वर्षं आधी, १९९२ साली, टेरी मॅकमिलन या काळ्या अमेरिकन लेखिकेची 'वेटिंग टू एक्झेल' आली. फिनिक्स शहरातल्या चार काळ्या मैत्रिणींची गोष्ट. एक टीव्हीच्या प्रसिद्धी खात्यात, एक विमा कंपनीत, एकीचं स्वतःचं ब्यूटी पार्लर, आणि एकीला नवरा सोडून जातो, तोही ऑफिसातल्या गोऱ्या बाईसाठी. ही कादंबरी प्रचंड खपली, १९९५ साली सिनेमा आला. आपण १९७२ साली पँथर काढली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. काळ्यांची बंदूक आपल्याला दिसली, काळ्यांची कविता दिसली. काळ्या बाईचं पार्लर काऊन नाही दिसलं?

तुम्ही म्हणाल, हे परदेशातलं झालं, वऱ्हाडाचा काय संबंध? लय संबंध आहे.

मराठीत ही फळी केव्हाचीच होती, फक्त इंग्रजी नाव नव्हतं. गल्लीगल्लीतल्या लायब्ऱ्या आठवा. महिन्याची वर्गणी भरायची, पुस्तक न्यायचं, वाचून बदलायचं. दुपारची भांडी झाल्यावर बाई दोन तास पुस्तक घेऊन पडायची. योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, सुमती क्षेत्रमाडे, अशा लेखिकांवर या लायब्ऱ्या चालल्या. समीक्षकांनी या पुस्तकांना कधी ओसरीवर बसवलं नाही. दुपारी वाचतात म्हणून फालतू! साहेब रात्री दिव्याखाली वाचतो ते साहित्य, आणि बाई दुपारी चटईवर वाचते तो टाइमपास. याला म्हणतात वर्णव्यवस्था. ती पुस्तकांतही असते.

आणि या अमरावतीचाच दाखला देतो. उद्धव शेळके. हिंगणघाटला जन्मले, अमरावतीत राहिले. १९६० साली त्यांची 'धग' आली. तिची नायिका कौतिक, गरीब शिंप्याच्या घरची बाई. नवऱ्याला महारोग होतो, संसार फाटत जातो, आणि ही बाई झुंजत राहते. सगळं आपल्या वऱ्हाडी बोलीत. 'धग'ची वाहवा झाली. पण वाहवेवर चूल पेटत नाही. त्याच शेळक्यांनी पुढं पोटासाठी लायब्ररीवाल्यांना लागतात तशा कादंबऱ्या ढिगानं लिहिल्या. सदाशिवपेठी नाकं मुरडली गेली. मी नाक मुरडणार नाही. मजूर माल बघून पाठ वळवत नाही, मजुरी बघतो. मला एवढंच विचारायचं आहे, की कौतिकला जन्म देणाऱ्या हाताला कौतिकवर का जगता आलं नाही? कारण पुस्तक विकत घेण्याची ऐपत कौतिककडे नव्हती. ऐपत ज्यांच्याकडे होती त्यांना स्वतःसारखी नायिका पाहिजे होती. कादंबरीची नायिका कोण, हे कादंबरीच्या गिऱ्हाइकावर ठरतं.

या पुस्तकांवर सगळ्यात आधी बोट ठेवलं ते कोणी? तेही वऱ्हाडच्याच बाईनं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली. सुरतेच्या एका विधवेला मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली, पेपरवाले सगळ्या बाईजातीवर थुंकू लागले, तेव्हा ताराबाईंनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. त्यांच्या आधी मराठीत 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' असल्या कादंबऱ्यांची चलती होती. ताराबाईंनी पुरुषांना सरळ धरलं, की तुमच्या गोष्टी-नाटकांत बायका अशा का रंगवता? जोतीराव त्यांच्या बाजूनं उभे राहिले. मग ते पुस्तक इतकं गाडलं गेलं की १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत लोकांना पत्ता नव्हता. म्हणजे बाई कादंबरीत कशी दिसते, हा प्रश्न बुलढाण्यातून उठला तेव्हा लंडनच्या ब्रिजेटची पणजीसुद्धा पाळण्यात असेल.

आज लायब्ऱ्या बसल्या, आणि तीच दुपार मोबाइलमध्ये गेली. २०१४ साली बंगळुरात 'प्रतिलिपी' सुरू झालं. मराठीतसुद्धा तिथं रोज भागाभागानं प्रेमकथा येतात, बायका लिहितात, बायका वाचतात. आपल्या वस्तीतल्या पोरी वाचतात. नर्सिंगला जाणाऱ्या वाचतात, कपड्याच्या दुकानात काउंटरवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या वाचतात, होस्टेलात एमपीएससीच्या पुस्तकाखाली मोबाइल धरून वाचतात. आणि आपला कार्यकर्ता भाऊ काय म्हणतो? "कायले वाचतं व हे? बाबासाहेब वाच." बाबासाहेब ती वाचतेच, भाऊ. तिच्या टेबलावर तुझ्याहून जास्त वाचलेले बाबासाहेब आहेत. पण ती बावीस वर्षांची आहे, आणि तिला प्रेमाबद्दल बोलायला चळवळीत एकही माणूस नाही.

मला या पुस्तकांचं भांडण वेगळं वाटतं. ही पुस्तकं हलकी आहेत हा माझा आक्षेप नाही. त्यांच्यात आपली पोरगी कुठं आहे? नीट शोधा. सापडते. स्वयंपाकघरात. भांडी घासते. नायिकेच्या ब्रेकअपच्या दिवशी तिला चहा करून देते. तिला आडनाव नसतं, कधीकधी नावही नसतं. नायिका 'बाई आल्या नाहीत आज' म्हणून वैतागते. ती बाई त्या दिवशी का आली नाही, तिचा कोणी यार होता का, तिनं पगारातून लिपस्टिक घेतली का, हे कोणत्याच पानावर नाही.

आणि दुसरं. ब्रिजेटला दोन पुरुषांतून एक निवडायचा असतो. आपल्याकडच्या नायिकेलाही तसंच. पण दोन्ही पुरुष एकाच पंगतीतले असतात. जात कुठं लिहिलेली नसते, आडनावं बोलतात. निवडीचं सगळं नाटक कुंपणाच्या आत चालतं. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या मंडळासाठी लिहिलेल्या, पण देऊ न दिलेल्या भाषणात सांगितलं की जात मोडायचा खरा इलाज आंतरजातीय लग्न. म्हणजे पोरगी कोणाशी लग्न करते, हा जातीच्या किल्ल्याचा दरवाजा आहे. प्रेमकथा त्या दरवाज्यावर उभी असते. तिला तुम्ही फालतू म्हणता? आपल्यासाठी प्रेम हे करमणुकीचं खातं नाही, पोलीस ठाण्याचं खातं आहे. २०१४ साली नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या पोराला वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो या संशयावरून मारून टाकलं. २०१७ साली कोर्टातून आरोपी सुटले.

आता आपल्या माणसांबद्दल. नागराज मंजुळेंचा 'फँड्री' २०१३ साली आला, 'सैराट' २०१६ साली. दोन्हींनी महाराष्ट्राच्या मुस्काटात मारली, मी दोन्हींपुढं टोपी काढतो. पण बघा, दोन्हीकडं पोरगा खालचा, पोरगी वरची. आपल्या पोराचं प्रेम पडद्यावर आलं. आपली पोरगी कोणावर प्रेम करते? तिला कोण आवडतो? तिनं कधी कोणाला नकार दिला? याच्यावर आपल्या कविता मुक्या आहेत. आपल्या कवितेत ती माय असते, शेणाच्या पाटीखालची. बहीण असते, बलात्कार झालेली. किंवा ठेसनाबाहेर उभी असलेली. तिच्या जखमेवर आपण लय कविता केल्या. तिच्या हसण्यावर किती केल्या?

बायकांनी स्वतः लिहिलं. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं', शांताबाई कांबळे यांची 'चित्तरकथा', कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट', आणि २००३ साली उर्मिला पवार यांचं 'आयदान'. 'आयदान'मध्ये प्रेम आहे, लग्न आहे, आणि शिकायला निघालेल्या बायकोला आडवा येणारा आपलाच नवरापण आहे. काही भावांना ते झोंबलं. झोंबू द्या.

कोणी म्हणेल, कपडे, पार्लर, खरेदी, यात कसली क्रांती? डिसेंबर १९२७, महाड. बाबासाहेब खास बायकांसमोर बोलले. साडी अशी नेसा की जात ओळखू येणार नाही, ते चांदीचे ओझ्याचे दागिने टाका. म्हणजे बाईनं काय नेसावं हा प्रश्न चवदार तळ्याच्या काठावर राजकारणाचा झाला. आणि १९४२ साली नागपूरला दलित महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष होत्या तुमच्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका समोर. त्या काळात त्या बाईनं संततिनियमनावर भाषण केलं! आपलं शरीर, आपली पोरं, आपला निर्णय. आन् आज आपण पोरीच्या मोबाइलमध्ये डोकावून विचारतो, काय वाचून राह्यली?

तर माझं मागणं असं. आपल्या पोरींनी कादंबरी लिहावी. पोट्टीछापच लिहावी. लंडनची रेबेका क्रेडिट कार्डाच्या देण्यात आहे, आपल्या घरात माय मायक्रोफायनान्सच्या हप्त्यात आहे. हप्ता वसूल करणाऱ्याचा फोन आला की घरातले सगळे कसे गप्प होतात, त्यावर हसवून हसवून लिहा. ब्रिजेट एकटी खोलीत राहते. आपली नायिका अकोल्यात खोली शोधायला निघू द्या. घरमालकीण खोली दाखवते, नळ दाखवते, गच्ची दाखवते, आणि जिना उतरता उतरता विचारते, "पूर्ण नाव काय म्हटलं?" एक अख्खं प्रकरण आहे तिथं. आणि तिला कोणी आवडलाच, तर १९५४चा स्पेशल मॅरेज कायदा आहे. तीस दिवसांची नोटीस. दोघांची नावं-पत्ते ऑफिसच्या बोर्डावर, येणारे जाणारे वाचणार. तीस दिवस ती कुठं झोपते, फोन कुठं लपवते, कोणती मैत्रीण साथ देते, कोणती फुटते? यापेक्षा मोठा सस्पेन्स कोणत्या गुलाबी पुस्तकात आहे?

या मासिकाच्या संपादकांनी दर अंकाची चार पानं तिच्यासाठी सोडावी, भागाभागानं छापावी. शुद्धलेखन तपासायला बसू नये. भावांनी अंक होस्टेलपर्यंत पोचवावे, हे काम त्यांना जमतं. बाकी काय लिहायचं ते सांगायला जाऊ नये.

आणि लिहिणारीला एकच अट. रडव, चिडव, शिव्या दे, दोन पुरुषांना नकार देऊन तिसरा निवड, नाही तं कोणीच निवडू नको. पण तिला मारू नको, बाई. आपल्या गोष्टींत आपली माणसं लय मेली. रेल्वे रुळावर मेली, विहिरीत मेली, कुऱ्हाडीनं मेली. ते खरं आहे, ते लिहायलाच पाहिजे, ते दुसरे लिहितील. तू लिहिशील त्या पुस्तकात पोरगी शेवटच्या पानापर्यंत जगली पाहिजे. पगार झालेला असावा, खोलीची किल्ली तिच्याच हातात असावी, आणि दारावर तिचं पूर्ण नाव असावं. आडनावासकट.

जयभीम.