विजेची भूक मोजणारी पेटी



आज आम्ही एका पेटीविषयी बोलणार आहोत. पेटी लहानशी, जेवणाच्या डब्याएवढी. तिच्या एका बाजूस तीन पिनांचा टॉप लावलेली केबल, दुसऱ्या बाजूस सॉकेट. भिंतीतली वीज टॉपातून पेटीत शिरते आणि सॉकेटातून उपकरणाकडे जाते. वाटेत तिची मोजदाद करावयास मिळावी म्हणून पेटीत तारा सुट्या केलेल्या असतात. इंग्रजीत तिला ब्रेकआउट बॉक्स म्हणतात. आम्ही तिला मापनपेटी म्हणू.

हिची गरज कोणाला, असे आपण विचाराल. दारावरचा मीटर साऱ्या घराचा हिशेब एकत्र सांगतो. बिल वाढले की घरमालक भाडेकरूच्या जुन्या फ्रिजकडे बोट दाखवतो, भाडेकरू घरमालकाच्या पाण्याच्या पंपाकडे, आणि दोघांचेही म्हणणे केवळ तर्कावर चालते. अशा भांडणापायी जागा सोडाव्या लागलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. उपकरणाच्या पाठीवर वॅटचा आकडा छापलेला असतो हे खरे; पण तो बहुधा जास्तीत जास्त किती वीज लागेल ते सांगतो, प्रत्यक्षात किती लागते ते नव्हे.

मग वायरमनला बोलावावे. त्याच्याजवळ टाँग टेस्टर असतो. चिमट्यासारखा जबडा तारेभोवती मिटला की तार न कापता प्रवाह कळतो. हा जबडा फ्रिजच्या अखंड वायरीभोवती मिटून पाहा. फ्रिज घरघरत असतो आणि काटा शून्यावर. यंत्र बिघडलेले नसते. वायरीत फेज आणि न्यूट्रल शेजारी शेजारी असतात. एकीतून जेवढा प्रवाह जातो तेवढाच दुसरीतून परततो आणि दोघांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांस मारून टाकतात. मोजावयाचे तर एकच तार जबड्यात हवी. मग कोणीतरी ब्लेड घेऊन वायरीचे वरचे आवरण चिरतो आणि आतली तार ओढून बाहेर काढतो. त्या चिरलेल्या वायरीला पुढे लहान मुलाचा हात लागणार असतो! मापनपेटीचे पहिले काम हे की, ही चिरफाड कायमची टळावी.

पेटीतून फेजची एकच तार, तिच्या आवरणासह, बाहेर कमानीसारखी काढलेली असते. जबडा त्या कमानीत घालावयाचा. तीच तार दहा वेढे देऊन काढली तर टेस्टर दहापट आकडा दाखवतो आणि आपण दहाने भागावयाचे. बारीक प्रवाहासाठी ही युक्ती फार उपयोगी. दिव्याचा ०.०८ अँपिअर साध्या टाँग टेस्टरवर दिसतो न दिसतो. दहा वेढ्यांत तो ०.८ होतो.

पण प्रवाह कळला म्हणजे शक्ती कळली, असे मात्र नाही. इथेच पुष्कळांची फसगत होते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे शाळेत पाठ केलेले समीकरण बॅटरीपुरते खरे. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. तिचा दाब आणि उपकरणाचा प्रवाह एकाच तालावर चालतील असे नाही. ९ वॅटचा एलईडी दिवा घ्या, आणि त्याचा पॉवर फॅक्टर ०.५ आहे असे धरा. तो २३० व्होल्टांवर सुमारे ०.०७८ अँपिअर घेईल. गुणाकार येईल १८. घरगुती बिल मात्र ९ वॅटांचेच लागेल. नुसत्या टाँग टेस्टरवरून भांडणारा माणूस अशा दिव्यावर दुप्पट आरोप करतो. म्हणून दाब आणि प्रवाह एकाच क्षणी वाचून त्यांचा क्षणोक्षणीचा गुणाकार करणारा वॉटमीटर हवा, आणि त्याला दोन्ही गोष्टी पुरवणारी पेटी हवी.

आता दाब कोठे मोजावा? ज्यांनी आयटीआय किंवा तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत जुना वॉटमीटर हाताळला असेल, त्यांना एम, एल, सी आणि व्ही ही चार अक्षरे आठवतील. एम पुरवठ्याकडची, एल उपकरणाकडची. सी ही तार एमला जोडावी की एलला, यावर तोंडी परीक्षेत हमखास प्रश्न येई, आणि विद्यार्थी तो पाठ करून विसरून जात. मापनपेटी बांधताना नेमका तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

हिशेब करून पाहू. प्रवाह मोजण्यासाठी वाटेत ०.१ ओहमचा रोध बसवला आहे, आणि दाब मोजणारे यंत्र १० लाख ओहमचे आहे. २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो. तेवढ्या प्रवाहात तो रोध स्वतःच साडेसात वॅट खातो. दाब पुरवठ्याकडे मोजला तर हे साडेसात वॅट गीझरच्या नावे चढतात. दाब रोधापलीकडे, गीझरकडे मोजला तर फक्त दाबयंत्राचे ०.०५ वॅट चढतात. त्यांचे कोणाला काय!

पण गीझर काढून तेथे बंद दूरदर्शनसंच लावा. युरोपीय संघाने २०१३ पासून अशा 'निजलेल्या' बहुतेक उपकरणांना ०.५ वॅटची मर्यादा घातली. या अर्ध्या वॅटापुढे दाबयंत्राचे ०.०५ वॅट म्हणजे दहावा हिस्सा! येथे दाब पुरवठ्याकडेच मोजावा. इतक्या क्षीण प्रवाहात रोध काहीच खात नाही. सारांश, चांगल्या पेटीला दाबाची दोन्ही ठिकाणे हवीत, आणि त्यांवर ठळक अक्षरे हवीत. आता कोणी म्हणेल, अर्ध्या वॅटासाठी एवढा खटाटोप कशाला? एक वॅट वर्षभर अखंड चालला तर ८.७६ युनिटे होतात. घरात असे दहा निद्रिस्त पाहुणे असले तर हिशेब आपणच करा.

बांधणीविषयी आमचा आग्रह थोडा कडक आहे, कारण येथे चूक झाली तर दुसरी संधी मिळेलच असे नाही. पेटी प्लॅस्टिकची, जाड. तारा १६ अँपिअरच्या सॉकेटासाठी २.५ चौरस मिलिमीटरच्या. केबल ओढली तरी आतल्या जोडावर ताण येऊ नये अशी पक्की पकड. फ्यूज फक्त फेजमध्ये. अर्थिंगची तार टॉपापासून सॉकेटापर्यंत अखंड. तिला कोणत्याही सबबीवर तोडू नये. दाबाची टोके बोट आत जाणार नाही अशी झाकलेली असावीत, आणि जुन्या घरांत फेज व न्यूट्रल उलटे जोडलेले सापडतात, म्हणून दोन्ही टोके जिवंतच समजावीत.

काही पेट्यांत प्रवाहासाठी कमानीऐवजी दोन उघडी टोके असतात. त्यांत मल्टिमीटर घालून मोजावयाचे. घरासाठी ही पेटी आम्हांला मुळीच पसंत नाही. मीटर काढला की उपकरण बंद पडते, माणसाला वाटते वीज गेली, आणि एक टोक २३० व्होल्टांवर वाट पाहत असते. त्याहून वाईट म्हणजे, मीटरची काडी अँपिअरच्या भोकात विसरून तोच मीटर दाबाच्या टोकांना लावला, तर तो सरळ शॉर्टसर्किट होतो. स्वस्त मीटरचा काचेचा फ्यूज हातात फुटू शकतो. ऑसिलोस्कोप बाळगणाऱ्या तरुणांना एवढेच सांगणे की, त्याची काळी क्लिप अर्थला जोडलेली असते. ती फेजला लावू नये, आणि ती लावता यावी म्हणून ऑसिलोस्कोपचे अर्थिंग तोडण्याचा उपाय तर त्याहून घातक. त्यासाठी डिफरन्शियल प्रोब मिळतो.

ज्यांना केवळ फ्रिजचे युनिट पाहावयाचे आहे, त्यांनी पेटी बांधूच नये. सॉकेटात खोचावयाचा तयार मीटर आणावा आणि तो पूर्ण २४ तास ठेवावा. कारण फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो, आणि पाच मिनिटांचे वाचन घेऊन कोणालाही दोषी ठरवता येत नाही.

एक सोय मात्र तयार मीटरात सहसा नसते. पेटीला दुसरी कमान ठेवावी, आणि तिच्यातून फेज व न्यूट्रल दोन्ही एकत्र न्यावेत, अर्थिंग बाहेर ठेवून. गीझर लावावा आणि मिलिअँपिअर दाखवणारा गळती-टेस्टर त्या कमानीत मिटावा. गीझर धड असेल तर आकडा शून्याच्या आसपास राहील. राहिला नाही, तर काही वीज न्यूट्रलने न परतता गीझरच्या पत्र्यावरून अर्थिंगकडे चालली आहे असे समजावे, आणि त्या दिवशी आंघोळीचे पाणी चुलीवर तापवावे.